पुढच्या शिडाचं माप

आमच्या होडीचं पुढचं शीड विरलं होतं, शिवणी सुटत होत्या. यंदा नवं घ्यायचं ठरलं. शिडं शिवणाऱ्या मुंबईच्या कारागिराला फोन केला, तर तो एवढंच म्हणाला, "साहेब, लहान की मोठं ते आधी ठरवा."

लहान म्हणजे डोलकाठीपाशी संपणारं. मोठं म्हणजे डोलकाठी ओलांडून चांगलं मागे येणारं. आमच्या क्लबच्या शर्यती भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी दुपारी सुरू होतात. तेव्हा वारा इतका मंद असतो की मोठं शीड असेल तरच होडी हलते. पुढे समुद्रावरून खारा वारा भरला की तेच शीड आवरत नाही. शिवाय मोठं शीड लावणाऱ्या होडीच्या वेळात क्लब निकाल लावताना थोडी भर घालतो. फायदा आणि तोटा जवळपास सारखाच. म्हणजे निवड करायची ती होडीतली माणसं बघून.

आमच्या होडीत माणसं दोन. सुकाणूवर मी, पुढच्या शिडाच्या दोरावर बायको. ती शाळेत शिकवते, मी सरकारी कचेरीत आहे. रविवारी दोघं पाण्यावर. लग्नानंतर लवकरच हे सुरू झालं आणि कोणी कुठे बसायचं यावर कधी बोलणंच झालं नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिचा उजवा खांदा आखडला. सुटेल, पण सावकाश, असं डॉक्टर म्हणाले. स्वयंपाकघरातली वरची फळी रिकामी झाली, डबे खाली आले. केस बांधायला हात वर जाईना म्हणून ते काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी ती आरशात बघून म्हणाली, "वेणी घातलीत की सुंभ वळलात?" आणि तशीच शाळेत गेली.

होडीत मात्र हसण्यासारखं नव्हतं. वळताना शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला घ्यायचं तर दोर झटक्यात ओढावा लागतो. ती डाव्या हाताने ओढायची, उजव्याने नुसता धरायची. तेवढ्यात दुसऱ्या होड्या पुढे जायच्या.

पावसला आंब्याची बाग असलेला आमचा एक क्लबमित्र आहे, दांडगा गडी. एकदा धक्क्यावर तो म्हणाला, "यंदा मोठंच शीड घे. दोरावर मी येतो. वहिनींना जरा आराम." मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. पण मला बरं वाटलं. ते बरं वाटणं नंतर फार छळू लागलं. ती जवळच गोड्या पाण्याने दोर धूत होती. तिने ऐकलं का, हे विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं असतं तर तिनेही विचारलं असतं, मग तुम्ही काय म्हणालात?

म्हणून मनातल्या मनात मी भरपाई करून टाकली. एका संध्याकाळी तिला सांगितलं, "लहानच घेऊ. निकालात वेळ वाचतो."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "निकालाचं राहू दे. माझ्या खांद्याच्या मापाचं शीड घेताय ना?"

"नाही गो."

"मग पावसवाल्यांना काय सांगितलंत?"

"काहीच नाही सांगितलं."

"तेच म्हणते मी."

दुसऱ्या दिवशी ती रांगोळीचा डबा घेऊन बाहेर आली. पाऊस संपला होता, दारातलं खळं नुकतंच चोपून सारवलं होतं. "दोन्ही मापं काढून बघू," म्हणाली. मी टेप धरली, तिने डाव्या हाताने रेघा ओढल्या. लहान त्रिकोण आणि त्याला पोटात घेणारा मोठा.

शेजारच्या काकू दगडी गडग्यापलीकडून वाकल्या. "ही कसली गो रांगोळी?"

"शीड आहे काकू. होडीचं."

"हां होय? मला वाटलं तुळशीच्या लग्नाचं काहीतरी नवं काढलंस." 

काकू गेल्या. ती मोठ्या त्रिकोणाच्या मागच्या टोकाशी उभी राहिली. दोर तिथेच बांधतात. हात उचलून ओढल्यासारखं करून बघितलं. हात अर्ध्यातच थांबला. मग ती पायरीवर जाऊन बसली आणि मला आता गप्प बसवेना.

"तो येतो म्हणाला ना," मी म्हणालो, "तेव्हा मला बरं वाटलं होतं. जिंकावंसं वाटलं."

"जिंकावंसं मलाही वाटतं हो. मी काय हवा खायला येते?"

मी तिच्याशेजारी बसलो. तिला राग आला असता तर सोपं गेलं असतं. ती नुसती रांगोळीचे हात पदराला पुसत होती. शेवटी म्हणाली, "मला होडीतून उतरायचं नाहीये. आणि तुम्ही दया दाखवून ठेवणार असाल तर राहायचंही नाहीये. सुकाणू मला द्या. दोर तुम्ही ओढा. तुमचे दोन्ही खांदे धड आहेत."

माझ्या तोंडून पटकन निघालं, "अगं, पण सुकाणू म्हणजे..."

"काय सुकाणू म्हणजे?"

इतकी वर्षं पाणी कुठे काळवंडलंय, वारा कुठून येतोय हे तीच सांगत आली. मी तिकडे होडी वळवली आणि जिंकलेले कप माझे म्हणून कपाटात लावले. सुकाणू तिच्या हाती द्यावं, हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. आणि आता तिने मागितलं तर मी खळ्यात बसून कारणं शोधत होतो. याची लाज अजून वाटते.

पुढच्या रविवारी पावसच्या मित्राचं मोठं शीड मागून घेतलं. ती सुकाणूवर, मी दोरावर. वारा बेताचा होता, होडी सुंदर निघाली. ती आनंदाने ओरडली, "घ्या अजून आत! ओढा!" मी ओढत होतो, तळहात सोलवटत होते. हे ती मुकाट्याने करत आली होती. माझ्या नुसत्या "ओढ, ओढ" या ओरडण्यावर.

खाडीच्या तोंडाशी तिने एकदम सुकाणू दाबलं. शिडाआडून मासेमारीची एक लाँच अगदी जवळ आलेली. वरून तांडेल ओरडला, "ओ ताई, समोर बघा की जरा!"

"बघते भाऊ, चुकलं!" तिनेही ओरडून सांगितलं. लाँच गेली. तिचा श्वास फुलला होता, पण सुकाणूवरचा हात स्थिर होता.

"जमिनीवर आडवं होतं तेव्हा लक्षातच आलं नाही आपल्या," ती म्हणाली. "उभं केल्यावर अर्धी खाडी झाकतं हे. लहान घ्या."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. हे खांद्यासाठी म्हणतेय का, माझं ओझं हलकं करायला म्हणतेय का? पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिची नजर शिडाच्या खालून पलीकडच्या पाण्यावर होती.

"आणि वारा पडला तर?"

"तर मागे राहू. भरला की धरू त्यांना. तुम्ही दोर ओढायला उशीर करू नका म्हणजे झालं."

धक्क्याला लागल्यावर मी मुंबईला फोन लावला. लहान म्हणून सांगितलं.

"नक्की ना साहेब? मागून बदल होणार नाही."

"एक मिनिट थांबा," मी म्हणालो. "सुकाणूवर ह्या असतात. ह्यांच्याशीच बोला."

तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि डाव्या हाताने फोन घेतला. "हां, नमस्कार. लहानच. पण खालची कड जरा वर उचलून शिवा हो, मी बुटकी आहे, मला खालून दिसलं पाहिजे... किती? थांबा, सांगते."

मी दोर गुंडाळायला बसलो. त्यांचं बोलणं बराच वेळ चाललं.