प्रत्येक फेरीला एक ‘हो’

मला बसता येत नाही. जेवताना गुडघा हलतो, टीव्ही बघताना मधेच उठून नळ बंद आहे का ते पाहून येतो. नेपानगरला ऑफिसला जाताना गाडीत अख्खा बाक रिकामा असला तरी मी दाराशी उभा राहतो आणि मधल्या चांदनी स्टेशनात गाडी थांबली की उगाच खाली उतरून पुन्हा चढतो. आई म्हणायची, याच्या पायाला भिंगरी आहे. बायको तेवढं गोड बोलत नाही.

अशा माणसाने बहात्तर तासांच्या शर्यतीत नाव दिलं यात नवल काही नव्हतं. बुऱ्हाणपुरातल्याच धावणाऱ्या मंडळींनी ती भरवली होती. एका शाळेच्या मैदानावर फक्कीने आखलेली चारशे मीटरची गोल वाट, तिच्यावर तीन दिवस फिरत राहायचं. पळा, चाला, दमलात तर तंबूत आडवे व्हा, घड्याळ मात्र थांबणार नाही. ज्याच्या फेऱ्या जास्त तो पहिला. कुठे पोचायचंच नाही, हे मला फार आवडलं.

फेऱ्या मोजायला यंत्र नव्हतं. म्हणून प्रत्येकाच्या घरचं एक माणूस टेबलाशी बसून कागदावर रेघा ओढणार होतं. मोजणाऱ्याने फेरीचा आकडा मोठ्याने सांगायचा आणि धावणाऱ्याने त्याच्याकडे बघून ‘हो’ म्हणायचं. ‘हो’ आला नाही तर फेरी धरायची नाही, असा कडक नियम. रात्री मेहुणा बसणार होता. दिवसा बसायला बायको चटकन तयार झाली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

कारण वर्षभर तिला मला एक गोष्ट सांगायची होती आणि मी ती ऐकून घेत नव्हतो.

गेल्या हिवाळ्यात आई दवाखान्यात होती. तीन दिवस. बायको पलंगापाशी बसून होती आणि मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होतो. तिसऱ्या दुपारी व्हरांडाही पुरेना, म्हणून खाली उतरून इमारतीला चकरा मारायला लागलो. वर आलो तेव्हा आई गेली होती. त्यानंतर बायकोने “आई त्या दिवशी...” एवढं म्हटलं की मी उठायचो. दूध तापलंय, मोटर बंद करायची राहिलीय, गाडी चुकेल. आईने मला हाक मारली असणार आणि मी नव्हतो, हे मला ठाऊकच होतं. ते बायकोच्या तोंडून ऐकायची माझी हिंमत नव्हती, बस.

पहिला दिवस मजेत गेला. पोटऱ्या भरून आल्या, टाचेला फोड आला, तरी मी खूष होतो. आकडा, ‘हो’. आकडा, ‘हो’. मीठ लावलेलं अर्धं केळं टेबलावर असायचं, ते उचलून पुढे. दर सहा तासांनी शिट्टी वाजायची आणि सगळे उलट दिशेने फिरायला लागायचे, एकाच गुडघ्यावर भार येऊ नये म्हणून.

दुसऱ्या दुपारी मी टेबलाशी आलो.

“दोनशे बावीस,” बायको म्हणाली. “आई गेल्या ना, त्या दुपारी शुद्धीवर आल्या होत्या, थोडा टाइम.”

“हो,” मी सवयीने म्हणालो आणि दहा पावलं गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मला तिचा भयंकर राग आला. ही काय जागा झाली? पण दुसरी कुठली जागा मी तिला ठेवली होती? थांबावं म्हटलं तर थांबणं मला जमत नाही, आणि पळून पळून जाणार कुठे, वाट गोल. पाय ओढत चाललो. तरी पाच-सहा मिनिटांत टेबल आलंच.

“दोनशे तेवीस. डोळे उघडले त्यांनी. मले पुछलं, तो कुठी हाय?”

ती पेन्सिल धरून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी ‘हो’ म्हणालो. केळं घेतलं नाही.

ती फेरी मी पळत काढली. फोड फुटला, बुटात ओलं झालं, तरी पळालो. हाक मारली होती, पुढे काय ऐकायचं राहिलं होतं?

“दोनशे चोवीस. मी म्हटलं, खाली फिरताहेत, बुलावून आणते.”

“हो.”

आता चार-पाच मिनिटं माझी, असं म्हणून मी श्वास सोडला आणि तेवढ्यात शिट्टी वाजली. दिशा बदलायचा ड्रम टेबलापासून जेमतेम दहा पावलांवर होता. त्याला वळसा घालून उलट फिरायचं, म्हणजे पुन्हा तिच्याच समोरून. मी वळलो आणि ती समोर उभी. फेरी झालीच नव्हती, त्यामुळे तिच्याकडे आकडा नव्हता.

“त्या म्हणाल्या,” बायको म्हणाली, आणि मग तिने आईचे शब्द आईच्याच बोलीत सांगितले, “बुलावू नको त्याले. फिरू दे. बसला तं रडीन तो.”

माझ्या मागून येणारे दोघं मला चुकवून पुढे गेले. बायकोने पेन्सिल कागदावर ठेवली आणि शेजारची प्लास्टिकची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

“आता बसा बरं,” ती म्हणाली.

मी बसलो, आणि आई म्हणाली होती तेच झालं.