शब्द नाही, तर कोड नाही

फाइल हातात आली की बाई चष्मा काढून पदराला पुसायच्या आणि विचारायच्या, "आकडा दिसला. पन डॉक्टरनं शबुद लिवलाय का?"

बीडमधल्या आमच्या हॉस्पिटलात मी रेकॉर्ड रूमला नवीन लागलो होतो, आणि बाई तिथल्या सगळ्यात जुन्या. पेशंट घरी सोडायच्या आधी त्याची फाइल आमच्याकडे यायची आणि प्रत्येक आजाराला आम्ही ठरलेला कोड द्यायचो. लोकांना वाटायचं, आम्ही झेरॉक्स काढतो. पहिल्याच आठवड्यात नेकनूरच्या एका किडनीवाल्या आजींच्या फाइलमध्ये पोटॅशियम सहा पॉइंट आठ दिसलं. वाढलेल्या पोटॅशियमचा ई सत्त्याऐंशी पॉइंट पाच मला पाठ होता. मी ऐटीत टाकून दिला.

बाईंनी तो खोडला. "आकडा मशीन देती, आजार डॉक्टर सांगतो. कवा कवा रगत काढतानाच खराब हुतं, आन आकडा उगंच चडतो."

"आणि खराच असला तर?"

"तर काळीज बंद पडतं, लेका. आन आजी तर वर वॉर्डात पिशवी भरून बसची वाट बघायली."

दुखरा गुडघा धरत त्या दोन मजले चढल्या. मी मागे. डॉक्टरांनी तो रिपोर्ट पाहिलाच नव्हता. राउंड झाल्यावर आला आणि कुणीतरी तसाच फाइलला लावून टाकला होता. त्यांनी लगेच ईसीजी काढला, रक्त पुन्हा तपासलं. आकडा खरा निघाला. आजी चार दिवसांनी स्वतःच्या पायांनी घरी गेल्या. मी कौतुक केलं तर बाई म्हणाल्या, "म्या काय केलं? जिना चडले."

तेव्हापासून त्यांना एक नाद लागला. जेवणाच्या सुट्टीत किडनीच्या वॉर्डाबाहेर उभ्या राहायच्या. आपल्याकडे पेशंटला भेटायला जाताना शहाळं न्यायची रीत, आणि शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, जे बिघडलेल्या किडनीला बाहेर टाकता येत नाही. समजावून सांगितलं की नातेवाईक वाद घालायचे. मग बाई सरळ हात पुढे करायच्या, "द्या इकडं, मला लई तहान लागलीय." पांढऱ्या केसांच्या बाईला नाही कोण म्हणणार? ती शहाळी आम्हीच प्यायचो. त्या वर्षी रेकॉर्ड रूमचं वजन वाढलं.

पुढे बाई रिटायर झाल्या, आणि जुन्या शुगरनं त्यांचीच किडनी गेली. डायलिसिसला त्याच वॉर्डात यायच्या. पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा त्यांनी आधी माझे हात पाहिले.

"रिकाम्या हातानं आलास?"

"हो."

"शिकलास," म्हणाल्या आणि माझा हात धरून ठेवला.

गेल्या महिन्यात त्यांची शेवटची फाइल खाली आली. हृदय बंद पडलं, एवढंच लिहिलेलं. मागे रिपोर्ट होता, पोटॅशियम सात पॉइंट दोन. शब्द नव्हता. कोड राहिला असता तर कुणाचं काही अडणार नव्हतं. मी जिना चढलो.

"आता काय उपयोग?" डॉक्टर म्हणाले. आजींच्या वेळचे तेच डॉक्टर होते.

"बाईंनी विचारलं असतं."

त्यांनी पेन काढून शब्द लिहिला. माझे डोळे भरून आले होते. तसाच बाहेर आलो, तर वॉर्डाच्या दारात धोतर नेसलेले एक काका दोन शहाळी घेऊन उभे होते. "किडनीचा वॉर्ड ह्योच का, सायेब?"

मी हात पुढे केला. "द्या इकडं, काका. मला लई तहान लागलीय."