देवदाराचा बाक
जवसाच्या तेलाचा वास आला की मला लाकडाची ती वखार आठवते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. अर्धांगाच्या झटक्यानं पत्नीचा उजवा हात लुळा पडला होता, आणि अंगणातली लोखंडी खुर्ची उन्हात सरकवायलाही कुणाला तरी हाक मारावी लागते, याचा तिला फार राग यायचा. म्हणून आपला आपल्याला ओढता येईल असा बाक तिला हवा होता. “वैनी, भाईर ठिवायला सागवानच घ्या की. जाग्यावरनं हलायचं न्हाय,” वखारवाले म्हणाले. “तेच नको,” ती म्हणाली, आणि देवदाराच्या बिनगाठीच्या फळ्या डाव्या हातानं उचलून पाहू लागली. पुढं सुताराला व्हार्निश मारायची हौस आली. “पावसात त्याचे पोपडे निघतील. ते खरवडायला दोन हात लागतात. तेल मी एका हातानं लावीन,” तिनं सांगितलं, आणि फडक्यानं लाकडात तेल जिरवलं. ते वाळल्यावर एका सकाळी ती बाक ओढू लागली. मी उठलो, तर म्हणाली, “तुम्ही पेपर वाचा.” फरशीवर बाकाचे पाय करकरत होते, मध्येच थांबून ती दम खात होती. मी पेपर धरून बसलो, एक ओळ वाचली नाही. उन्हात पोचल्यावर ती बसली, घाम पुसला आणि एका कडेला सरकली. “या आता,” म्हणाली. दरवर्षी पावसाळ्याआधी तेल तीच लावायची. यंदा मी लावलं आहे. ते वाळेपर्यंत बाकावर बसता येत नाही, म्हणून दारात उभा आहे.