सत्यवतीबाईंचा तिसरा प्रश्न

आमच्या अकोल्याच्या मुलींच्या शाळेत सत्यवतीबाई गवई वाचनालय सांभाळायच्या, आणि त्यांची परीक्षा आम्हाला गणितापेक्षा जड जायची. गणितात निदान शेजारणीचं उत्तर चोरता येतं. बाईंकडे चोरलं तर कुठून चोरलं तेही लिहावं लागे.

त्यांची रीत अशी होती. प्रत्येकीला एक चिठ्ठी मिळायची. चिखलदऱ्याला कॉफी कोणी लावली, पातूरची लेणी कोणी कोरली, असलं काहीतरी त्यात असायचं. उत्तर पुस्तकांत हुडकायचं आणि खाली बाईंच्या तीन प्रश्नांना तोंड द्यायचं. कोण म्हणतं? त्यानं स्वतः पाहिलं का? दुसरं कोण म्हणतं? ‘मला सापडलं नाही’ असं खरं लिहिणारीला बाई चांगले गुण देत, आणि ठोकून देणारीला भोपळा. माझ्या वाट्याला भोपळेच फार आले. आमचा फुलांचा मळा मोर्णा नदीच्या काठी होता, आणि थाप मारल्याशिवाय माल खपत नाही हे मी पाळण्यातच शिकले होते. आमचे बापू कालची शेवंती आज सकाळची म्हणून विकत.

बाई पातूरकडच्या. उंच, सावळ्या, बोलणं पुस्तकातल्यासारखं शुद्ध. वऱ्हाडी शब्द चुकूनही तोंडून निघायचा नाही. छप्पन साली घरच्या सगळ्यांबरोबर त्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. घरातले देव गेले तसे त्यांच्यामागं भुतंही गेली, असं त्या हसून सांगत. शिक्षिकांच्या खोलीत त्यांचा कप वेगळ्या खुंटीला टांगलेला असे. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, फक्त चहा वाचनालयात बसून पीत.

वाचनालय म्हणजे एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याचं जुनं कापसाचं गोदाम. जाड भिंती, आणि व्हरांड्याच्या बाजूला लाकडी झडपांची एकच खिडकी. दुपारच्या सुट्टीत अख्खी शाळा कोकलत असायची, पण त्या दारातून आत पाऊल टाकलं की आवाज एकदम तुटायचा. अकोल्याच्या उन्हातही आत अंगावर काटा यायचा. आम्ही त्याला गारवा म्हणायचो.

एकसष्ट सालच्या पावसाळ्यात बोंब उठली की त्या खिडकीखालच्या कोपऱ्यात दुपारी एक मुलगी वाचत बसते आणि ती या जगातली नाही. मग काय, गावाला तेवढंच हवं होतं. कोणी म्हणे तिचे पाय उलटे आहेत, कोणी म्हणे तिनं उघडलेलं पुस्तक हातात घेतलं की ताप भरतो. आमच्या आईनं मला बजावलं, ‘‘त्या खोलीत जाऊ नको व पोट्टे, पुस्तकाच्या वाटेनं लागते ते.’’ काही मुलींना घरच्यांनी शाळेतूनच काढलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांनी ठरवलं की पुस्तकं पेट्यांत भरायची, आणि वाचनालयाला कायमचं कुलूप.

सत्यवतीबाईंनी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली. दुसऱ्या दिवशी आमच्या नववीच्या वर्गात सगळ्यांना एकच चिठ्ठी मिळाली. ‘वाचनालयात भूत आहे. कोण म्हणतं?’

‘‘पुस्तकात मिळणार नाही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘माणसांत शोधा. ज्यानं सांगितलं त्याला विचारा, तुला कोणी सांगितलं. थेट मुळापर्यंत जा. पाहणारा कोणी निघाला नाही, तर वाचनालय आपलं.’’

असा अभ्यास आम्ही जन्मात केला नव्हता. मी आणि माझी मैत्रीण भागीरथा दोघी मिळून निघालो. माझ्या आईला गंगूबाई कासारणीनं सांगितलं होतं. गंगूबाईला तिच्या जावेनं. जावेला केशरबाई भाजीवालीनं. जिला विचारावं ती डोळे मोठे करून सांगायची, पण स्वतः पाहिलं का म्हटलं की पदर सावरायला लागायची. गंमत वाटायला लागली होती. भूत आमच्या हातात एकेक पायरीनं विरघळत चाललं होतं. बाकीच्या मुलींच्या वाटाही फिरून फिरून केशरबाईच्या पाटीशी आल्या, आणि केशरबाईनं एकच नाव घेतलं. मैनाबाई.

मैनाबाई आमच्या शाळेत झाडलोट करायची, पाणी भरायची. भर दुपारी तिला वाचनालयात बोलावलं. मोठ्या बाई खुर्चीवर बसल्या होत्या, आम्ही बाकांवर, सत्यवतीबाई फळ्याशी. भागीरथानं सगळी साखळी वाचून दाखवली.

‘‘म्हणजे तूच ना?’’ मोठ्या बाई कडाडल्या. ‘‘उद्यापासून कामावर येऊ नकोस.’’

मैनाबाईनं हात जोडले. ‘‘म्या काहीच नाई पाह्यलं व माय! मले तं ह्या बाईनंच सांगतलं.’’ आणि तिनं सत्यवतीबाईंकडे बोट केलं. ‘‘बाई, तुमीच रोज म्हणे ना, कोपरा झाडतानी त्या पोट्टीले उठवू नको, वाचून राह्यली ते? मले तं तिथं कोनीच दिसे ना. मंग मले भेव वाटलं. म्या केशरबाईजवळ बोलली.’’

बाई हसल्या. ‘‘अगं, ती नवी मुलगी. दुपारी येते ती. तीच ना?’’

‘‘कोणत्या वर्गातली?’’ मोठ्या बाईंनी विचारलं.

बाईंनी आमच्यावरून नजर फिरवली. एकेका चेहऱ्यावर थांबत शेवटच्या बाकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. आम्हीही एकमेकींकडे बघायला लागलो. त्या कोपऱ्यात दुपारी बसणारी मुलगी आमच्यापैकी कोणीच कधी पाहिली नव्हती.

भागीरथानं हळूच विचारलं, अगदी बाईंच्याच सुरात. ‘‘बाई, कशी दिसते ती?’’

‘‘लहानखुरी आहे. परकर नेसते. गणवेशाला पैसे नसतील, म्हणून मी विचारलं नाही. नाव विचारलं की मान खाली घालते. बाकावर बस म्हटलं तर बसत नाही. भिंतीला टेकून खालीच बसते. डाव्या मनगटावर तव्यानं भाजल्याचा...’’

त्या थांबल्या. त्यांचा हात फळ्याच्या कडेवर होता, तो घसरला.

‘‘सुंदरा,’’ त्या म्हणाल्या.

मग खाली बघत, तुटक तुटक, त्यांनी सांगितलं. सुंदरा त्यांची थोरली बहीण. गावच्या शाळेत यांच्या वस्तीतल्या मुलांना आत घेत नसत. सुंदरा लहानग्या सत्यवतीला कडेवर घेऊन शाळेच्या खिडकीखाली जाऊन बसायची. आतून मास्तरांचा आवाज यायचा, आणि ती मातीत बोटानं अक्षर काढून बहिणीला दाखवायची. पुढं देवीच्या साथीत ती गेली. सत्यवतीबाई शाळेत गेल्या त्या नंतर, आणि गेल्या त्या दिवशी त्यांना सगळी अक्षरं येत होती.

‘‘चेहरा माझ्या आठवणीत नव्हता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘डाग होता.’’

कोणाचीच कोपऱ्याकडे बघायची छाती होईना. मोठ्या बाईंचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्या लगेच सावरल्या. आवाज उतरवून म्हणाल्या, ‘‘हे इथंच राहू द्या. उद्या प्रार्थनेला सांगा, मैनाबाईनं अफवा उठवली. ती जाईल, वाचनालय राहील. हे बाहेर पडलं तर मात्र मला कुलूप लावावंच लागेल.’’

मला त्यांचा असा संताप आला की वाटलं पायातली चप्पल काढावी. मैनाबाई जमिनीवर बसून रडत होती. सत्यवतीबाई कितीतरी वेळ त्या कोपऱ्याकडे बघत राहिल्या. भीती त्यांच्या तोंडावर नव्हती. घरातल्या माणसाला काही विचारावं, तसं त्या बघत होत्या. मग त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं.

कोण म्हणतं? मी.

स्वतः पाहिलं का? हो.

दुसरं कोण म्हणतं? कोणी नाही.

त्याखाली थोडी जागा सोडून लिहिलं, ‘खरं की खोटं, मला माहीत नाही.’

‘‘मैनाबाईची चूक नाही,’’ खडू ठेवत त्या म्हणाल्या. ‘‘तिनं ऐकलं तेच सांगितलं. उद्या प्रार्थनेला मी हेच सांगेन.’’

त्यांनी सांगितलं, आणि वाचनालयाला कुलूप लागलं. पुस्तकं पेट्यांत भरायला कोणी आत जाईना, म्हणून ती कपाटांतच राहिली. बाईंना सहावीचा भूगोल दिला. मैनाबाईची नोकरी टिकली. व्हरांडा झाडताना ती बंद दाराला पाठ करून झाडायची. गावात लोक बाईंना बघून रस्ता ओलांडायला लागले. आधी ओलांडत त्याचं कारण वेगळं होतं, एवढाच काय तो फरक.

थंडीतली गोष्ट. मी बाईंसाठी मळ्यातून शेवंती आणली होती, खरोखरच त्या सकाळची. दुपारच्या सुट्टीत शोधत गेले, तर बाई वाचनालयाच्या व्हरांड्यात, बंद खिडकीखाली, फरशीवर बसलेल्या. भिंतीला टेकून, मांडीवर पुस्तक. झडपेच्या फटीकडे तोंड करून त्या मोठ्यानं वाचत होत्या. आत जो कोपरा होता, त्याच्या नेमक्या अलीकडे.

मी गुपचूप शेजारी बसले. पानाच्या शेवटी येऊन बाई थांबल्या. दोन्ही हात पुस्तकावर पालथे ठेवून त्या नुसत्या बसल्या.

आतून पान उलटल्याचा आवाज आला.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘ललिता, तुले काही ऐकू आलं?’’

बाई माझ्याशी पहिल्यांदाच वऱ्हाडीत बोलल्या. मी किती थापाडी आहे हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्यांना बरं वाटावं म्हणून ‘हो’ म्हणणं मला काही जड नव्हतं, आणि म्हणूनच मी म्हटलं नाही.

‘‘अजून एकदा वाचा, बाई.’’

त्यांनी पुढचं पान वाचलं. थांबल्या. मी श्वास रोखून त्यांच्या हातांकडे बघत राहिले. हात हलले नाहीत. आत, फटीच्या अगदी जवळ, कोणीतरी सावकाश पान उलटलं.

‘‘पान उलटलं,’’ मी म्हटलं. ‘‘आतून.’’

‘‘खरं सांगून राहिली?’’

‘‘खरं, बाई.’’

बाईंनी तळहात भिंतीवर टेकला आणि त्या मोठ्यानं रडल्या. लहान मुलं रडतात तशा, तोंड न झाकता. मग डोळे पुसून त्यांनी तोंड फटीशी नेलं.

‘‘ऐकलं काय व सुंदरा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता आमी दोघी म्हणतो.’’