मासेवालीचं दार

भाट्याच्या पुलाकडून एक मासेवाली रोज आमच्या आळीत यायची. टोपली उतरवली की आधी बांगड्याचा कल्ला उघडून आतला लालपणा दाखवायची. माल शिळा असला तर स्वतःच सांगायची, "आज नको घेऊ वयनी, कालचे हायत."

आळीतल्या शेजाऱ्यांनी एकमेकांना खबरा, सल्ले द्यायचं नवं अ‍ॅप मोबाइलवर घेताना मी तिला सहज विचारलं, "ह्याच्यावर विश्वास ठेवावा का गं?"

पदराला हात पुसत ती म्हणाली, "त्यात खोटं सांगणाऱ्याला उद्या तुझ्या दारात परत यावं लागतं काय गो?"

गणपतीनंतर ती आलीच नाही. ती कुठे राहते, असं मी अ‍ॅपवर विचारलं. सगळ्यांनी तिच्या बांगड्यांची आठवण काढली. इतकी वर्षं ती आमच्या दारात येत होती. तिचं दार कुठे, हे आमच्यापैकी एकालाही सांगता आलं नाही.