आंबोशी आणि वहिनीची पाठ

मला लहानपणापासून एक खोड आहे. एखादी गोष्ट मला कळली की ती सगळ्यांना कळलीच पाहिजे, असं मला वाटतं. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागल्यावर ही खोड कमी व्हायची ती वाढली.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमच्याकडे गिनीपिग होते. त्यांची कातडी भादरून त्यावर एका रसायनाचा थेंब लावायचा. पहिल्या खेपेला काहीच होत नसे. दोन आठवड्यांनी तोच थेंब पुन्हा लावला की एक-दोन दिवसांत तिथे लालबुंद सूज येई. हे रक्तातल्या टी-पेशींचं काम. पहिल्या खेपेला त्या परक्या वस्तूची ओळख करून घेतात आणि दुसऱ्या खेपेला तुटून पडतात. पण काही गिनीपिगांना आम्ही ते रसायन आधी खाऊ घालत असू आणि मग कातडीला लावत असू. त्यांना काही होत नसे. पोटातून आलेली ती वस्तू सोसायला त्यांच्या टी-पेशी शिकलेल्या असत, आणि फक्त तीच वस्तू. दुसरं रसायन लावलं की तोच प्राणी इतरांसारखा सुजायचा. काही टी-पेशी बाकीच्यांना आवरून धरतात, असा तेव्हाचा अंदाज होता. पुढे त्या अंदाजाची नाचक्की झाली, आणखी पुढे तो नव्या नावाने सन्मानाने परत आला. मी आपली पहिल्यापासून त्याच्याच बाजूची.

शनिवारी मी वसतिगृहातून घरी यायची. घर वसईच्या पूर्वेला, गोखिवऱ्याच्या अलीकडे. खाडीच्या अंगाला आमची भातशेती आणि डोंगराच्या अंगाला रायवळ आंब्याची झाडं. चैत्र-वैशाखात आमच्या अंगणात आंबोशीचं काम चाले. कैऱ्या सोलायच्या, चिरायच्या, मीठ लावून उन्हात वाळवायच्या. पावसाळ्यात सुक्या मासळीच्या कालवणाला ही आंबोशी लागतेच, त्यामुळे आगाशीच्या बाजारात आईच्या आंबोशीला नाव होतं. आळीतल्या बायका आपापल्या विळ्या घेऊन येत आणि आई मधोमध बसे. विळीवर जिचा हात चालतो ती सून कामाची, हा आमच्या आळीचा कायदा होता.

माझ्या भावाची बायको गिरणगावातल्या चाळीत वाढलेली. लग्नानंतरच्या पहिल्या वैशाखात ती विळीवर बसली, टोपल्याच्या टोपल्या सोलल्या आणि आईकडून शाबासकी मिळवली. दुसऱ्या वर्षी मात्र पहिल्याच दिवसानंतर तिच्या बोटांच्या बेचक्यांत पुरळ उठलं. मग मनगटं सुजली, मग पापण्या इतक्या सुजल्या की तिला समोरचं दिसेना. तिला आंब्याचा चीक उतला होता. पण आईला ते पटेना. चीक उतायचा तर पहिल्या वर्षीच उतला असता, वर्षभरात नवी नवलाई सरली आणि अंगात आळस भरला, असं तिचं म्हणणं. काम टाळायला मुद्दाम काहीतरी चोळून घेतलं असेल, असंही ती बोलली. नाचता येईना अंगण वाकडं, हे तर वहिनीच्या तोंडावर ऐकवलं.

मला आनंद झाला, हे कबूल करते. वहिनीच्या दुखण्याचा नव्हे, पण गिनीपिगांनी वर्षभर शिकवलेलं आता आमच्या अंगणात उभं होतं. पहिल्या वर्षी ओळख आणि दुसऱ्या वर्षी हल्ला! मी आईला सगळं समजावून सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि मला सुपारी कातरायला सांगितली.

मग मी वहिनीला बरं करायचा चंग बांधला. पोटातून दिलं की पेशी सोसायला शिकतात, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. पुरळ ओसरल्यावर मी कैरीच्या सालीचा कण गुळाच्या गोळीत घालून तिला रोज एक खायला सांगितलं. ती बिचारी "वन्सं म्हणतात म्हणजे बरोबरच असेल" म्हणून खात राहिली. पुढच्या शनिवारी मी आले तेव्हा तिचे ओठ सुजून पालथे झाले होते. त्याहून वाईट म्हणजे, बोटांवरचं आणि मनगटावरचं जुनं पुरळ, कैरीला हातही न लावता, पुन्हा जसंच्या तसं उठलं होतं.

सोमवारी मी प्रयोगशाळेतल्या सरांना हे सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. खाऊ घालणं आधी आणि कातडी नंतर, हा क्रम मी रोज स्वतःच्या हाताने पाळत होते आणि घरी जाऊन उलटा केला होता. एकदा शत्रू म्हणून झालेली ओळख पेशी विसरत नाहीत, मग ती वस्तू तोंडातून येवो की कुठून. एका बाईचा जीव मी गिनीपिगापेक्षा स्वस्त धरला, असं ते म्हणाले आणि ते खरंच होतं. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

आईच्या हाती आयतं कोलीत मिळालं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मला. आणि खोटं दुखणं लपवायला नणंदेला फितवलं, हे वहिनीला. वहिनी माहेरी गेली ती दिवाळीपर्यंत आली नाही. भावाने हातापाया पडून तिला आणली. पण चैत्र लागताच आईने स्पष्ट सांगितलं की या वर्षी ती विळीवर बसेल, नाहीतर ट्रंक उचलून कायमची माहेरी जाईल. भाऊ मान खाली घालून जेवत राहिला. त्याचा मला इतका राग आला की मी ताटावरून उठले.

वहिनीने मला अंगणात गाठलं. "मी बसते विळीवर," ती म्हणाली. "डोळे गेले तरी चालतील. पण मला खोटी म्हणू नका म्हणावं."

मी रजा टाकली. या खेपेला डोकं ठिकाणावर ठेवून कामाला लागले. देठाचा ताजा चीक कुणालाही भाजतो, म्हणून तो घेतला नाही. कैरीची साल, चिंचेचा पाला आणि शेवग्याचा पाला वेगवेगळे वाटून त्यांचा रस गाळला. तिन्ही हिरवे. पांढऱ्या कापडाचे सारखे तुकडे केले. मग आईला म्हटलं, तूच तुकडे भिजव आणि वहिनीच्या पाठीवर एकाखाली एक पट्ट्यांनी चिकटव. कुठला कुठे, ते आम्हा कुणाला सांगू नकोस. तसेच तीन माझ्याही पाठीवर लाव. कैरीचा वास येऊ नये म्हणून वहिनीला नाकाशी धरायला निलगिरीच्या तेलाचा रुमाल दिला. आईला ही कल्पना भलतीच आवडली. चोर पकडायला बसल्यासारखी तिने दार लावून घेतलं, आधी माझं उरकलं आणि मला बाहेर काढलं.

दोन दिवस आम्ही दोघी पालथ्या झोपलो. तिसऱ्या दिवशी सकाळी आईने पट्ट्या सोडवल्या. अंगणात बायका विळ्या मांडून बसल्या होत्या, त्यांतल्या दोघी-तिघी दारात येऊन उभ्या राहिल्या. माझी पाठ स्वच्छ होती. वहिनीच्या पाठीवर वरचे दोन चौकोन स्वच्छ आणि सगळ्यात खालचा लाल, फुगलेला, बारीक फोडांनी भरलेला.

मी विजयी मुद्रेने विचारलं, "कैरी कुठे लावली होतीस?"

आणि विचारता विचारता माझी चूक माझ्या ध्यानात आली. प्रयोग बिनचूक होता, पण उत्तर फक्त आईला ठाऊक होतं. जिने आरोप केला तीच एकटी साक्षीदार, अशी सोय मी स्वतःच्या हाताने करून ठेवली होती. आईने "वर" म्हटलं असतं तर वहिनी त्याच दिवशी ट्रंक घेऊन बाहेर पडली असती आणि मला काहीही सिद्ध करता आलं नसतं. वाटलेल्या सालीची वाटीसुद्धा धुऊन पालथी घातलेली होती.

आई त्या पाठीवर वाकली. तिने बोटाने खालच्या चौकोनाची कड चाचपली. वहिनीने अंग चोरलं.

"खाली," आई म्हणाली.

मग माझ्याकडे न बघता तिने पुढचं सांगितलं. "तुला भायेर काडल्यावर मी हिच्या कानात बोल्ली, कैरी वरती लावलीय म्हनून. म्हटलं, ढोंग असंल तर वरतीच खाजवंल."

वहिनीने वर एकदाही हात नेला नव्हता. ते दोन्ही दिवस आई तिच्यावर डोळा ठेवून होती, हे मला तेव्हा कळलं.

आईने तिच्या पाठीवरून पदर सारखा केला, उठली आणि दारातल्या बायकांना बाजूला सारत अंगणात गेली. तिथल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माज्या सुनेला चीक उततो. ती खोटं नाय बोल्ली, मी बोल्ली. आता तिला कोनी विळीवर बस म्हनायचं नाय."

आत वहिनी तशीच पाठमोरी बसलेली होती. सुजलेल्या डोळ्यांनीही कधी टिपूस न काढलेली ती बाई हुंदके देऊन रडायला लागली.