नळाचं पहिलं पाणी

हळ्ळीखेडच्या गौरम्माला लहानपणापासून एक खोड होती, विचारायची. बांगड्या भरताना ती कासाराला काच कुठनं येते ते विचारी. पेरणीच्या दिवशी नवऱ्याला, रेवणप्पाला, इथं तूर आणि तिथं ज्वारी कामून, म्हणून विचारी. तो वैतागून म्हणायचा, "तुला एखाद्या दिशी देवबी उत्तर देऊन दमंल." एकदाच तिचं विचारायचं राहून गेलं.

जहागिऱ्या गेल्या आणि मागोमाग गल्लीत नळ आला. जहागीरदाराच्या बागेतला जुना शिशाचा पाइप उकरून तो टाकीपासून गल्लीपर्यंत पुरला होता. त्याआधी बाया ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून घागरी आणत. त्यामुळं नळाचं कौतुक सगळ्यांनाच होतं, पण पहाटे पहिली घागर गौरम्माची. रात्रभर पाइपात निवलेलं, कुणाचा हात न लागलेलं ते पाणी ती लिंगपूजेला नेई.

शेजारची शकुबाई चिडवायची, "गौराक्का, तुझ्या देवाला आंघोळीची लई घाई दिसतीया."

"तुझा देव झोपतोय तवर झोपू दे की त्याला."

पूजेनंतरचं तीर्थ घरात सगळ्यांना पळीभर मिळे. धाकट्या निलम्माला मात्र फुलपात्रभर, कारण ती हट्टानं मागायची.

वर्ष उलटलं आणि गल्लीतली काही पोरं पोटदुखीनं आडवी झाली. बिदरहून सरकारी डॉक्टर आले, नळाचं पाणी बाटल्यांत भरून हैदराबादला तपासायला पाठवलं. हुकूम आला: पाण्यात शिसं उतरतं आहे, पाइप बदलावा, तोवर रोजचं पहिलं पाणी वाहून जाऊ द्यावं, कशालाही वापरू नये. तो कागद उर्दूत चावडीच्या भिंतीवर चिकटला. गल्लीत हलगी वाजली, तेव्हा दवंडीवाल्यानं त्यातलं एका दमात बसेल तेवढंच घेतलं, "नळाचं पहिलं पाणी पिऊ नगा हो."

गौरम्मा दारातच होती. कामून, असं तिच्या ओठावर आलंही. पण चुलीवर दूध होतं, आणि सरकारला कोण विचारणार? शिवाय पहिलं पाणी घरात पितंच कोण होतं? ते देवाचं. तिनं हुकूम अगदी नेमानं पाळला. पिण्याच्या घागरी मागून भरल्या.

तरी निलम्माचं पोट दुखायला लागलं. पोर पांढरी पडली, जेवेना, बोलावलं तर उशिरा ओ देई. गौरम्मानं ओवा दिला, दृष्ट काढली. गुण येईना तशी ती देवाकडे वळली. सकाळी एक आणि दिवेलागणीला एक, अशी दोन फुलपात्रं तीर्थ ती मांडीवर घेऊन पाजायची. "पी माय, सगळं पी," म्हणायची.

एका सकाळी निलम्माच्या हातातनं भाकरी गळून पडली. मनगट वर उचलेना. रेवणप्पानं डॉक्टरांना घरी आणलं.

"बच्ची को नल का पहला पानी पिलाये क्या?"

"न्हाई साहेब, एक थेंब न्हाई. दवंडी ऐकल्यापासून तर न्हाईच न्हाई."

"फिर उस पानी का क्या करते?"

"ते देवाला."

"और देव का होने के बाद?"

गौरम्मानं मागं वळून पाहिलं. फुलपात्र निलम्माच्या उशाशीच होतं, तळाला घोटभर उरलेलं. डॉक्टरांनी ते उचललं, मोरीत ओतलं आणि हळूच म्हणाले, "देव वही रखो अम्मा. पानी बदलो."

पुढं लोखंडाचा पाइप आला. निलम्माचं पोट दुखायचं थांबलं, रंगही परतला. उजवं मनगट मात्र लोंबतंच राहिलं. वेणी आईनंच घालायची. पूजेचं पाणी गौरम्मा पुन्हा ओढ्यापलीकडनं आणू लागली.

नळावर नवी सून दिसली की ती तिला थांबवायची. पहिलं पाणी सांड, म्हणायची, आणि कामून सांडायचं तेही सांगायची. देवालाबी नको, गुरालाबी नको.

"आता पाइप लोखंडाचा हाय की, अक्का," शकुबाई म्हणायची.

"व्हय," म्हणत गौरम्मा पाणी वाहू द्यायची.

निलम्मा आईवर गेली होती. वेणी घालून घेताना एकदा तिनं विचारलं, "अव्वा, माझा हात कामून असा झाला?"

गौरम्मानं सांगितलं. जहागीरदाराची बाग, शिशाचा पाइप, चावडीवरचा कागद, दवंडी, सगळं सांगितलं. सांगत सांगत फुलपात्रापाशी आली आणि म्हणाली, "मान सरळ धर, भांग वाकडा व्हायलाय."